जावक क्रमांक १४१७

सकाळी पावणेनऊला पोलीस निरीक्षक घुगे माझ्या दालनात आले, तेव्हा मी फोनवर पाण्याच्या टँकरसाठी भांडत होते. मंत्र्यांचं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरणार होतं, धूळ उडू नये म्हणून तिथं दोनदा पाणी मारायचं होतं, आणि टँकरवाला सांगत होता की टँकर एका वस्तीवर पाणी वाटायला गेलाय आणि तिथल्या बायका त्याला सोडत नाहीत. मी त्याला काय काय बोलले ते आता आठवत नाही. चांगलं नक्कीच बोलले नसणार.

एकवीस वर्षं झाली त्याला. मी आंबेसावळीला तहसीलदार होते. सदतीस वर्षांची होते, आणि त्या आठवड्यात रोज चार तास झोपत होते.

घुग्यांच्या मागं मुळे नावाची एक महिला शिपाई होती, आणि तिच्यामागं सोनकांबळे सिस्टर. यमुना सोनकांबळे. चार वर्षांपूर्वी ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, त्यामुळं रस्त्यानं निघाल्या की त्यांना कुणी ना कुणी थांबवायचंच. अंगावर फिकट निळं पातळ, खांद्याला कापडी पिशवी, जाड भिंगांचा चष्मा. एखाद्या वॉर्डात शिरावं तशा त्या खोलीत शिरल्या. आधी चहूकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

घुग्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. रुग्णालयात प्रसूतीची नवी खोली बांधून चौदा महिने झाले होते. उद्घाटनाची तारीख मिळत नव्हती म्हणून तिला कुलूप होतं, आणि बाळंतपणं जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात, पडदे लावून चालली होती. हे सगळ्यांनाच माहीत होतं. सिस्टरांनी अर्ज केले होते, त्यातले तीन माझ्याच टेबलावरून पुढं गेले होते. आता मंत्री येणार म्हटल्यावर त्यांनी पुठ्ठ्याचा एक फलक केला होता: ‘प्रसूतीची खोली तयार आहे. कुलूप कधी काढता?’ तो घेऊन त्या एकट्या तिठ्यावर उभ्या राहणार होत्या. कुणीतरी ते घुग्यांना कळवलं. सकाळी आठ वाजता मुळे त्यांना घरून घेऊन आली.

“ठाण्यात बसवलं तर दवाखान्यातल्या पोरी जमतील,” घुगे म्हणाले. “तुमच्या इथं बसू द्या, मॅडम. केसबिस काही करत नाही. वय झालंय त्यांचं. चार वाजता साहेब गेले की घरी सोडू.”

खरं सांगते, मला बरं वाटलं. केस केली असती तर त्यांना माझ्यापुढं उभं करावं लागलं असतं, मला दंडाधिकारी म्हणून आदेश लिहावा लागला असता, आणि आदेश लिहायला वेळ कुणाला होता? शिवाय हे माणुसकीचंही वाटलं. म्हाताऱ्या बाईला कोठडी नाही, नोंद नाही, सावलीत खुर्ची आणि चहा. मी मान हलवली.

सिस्टरांनी घुग्यांना विचारलं, मला कोणत्या कलमाखाली आणलंय? घुगे म्हणाले, कलम नाही, तुम्हाला अटक केलेली नाही. मग मी इथं का? घुगे म्हणाले, तुमच्याच सुरक्षेसाठी. सिस्टर माझ्याकडं वळल्या. मी कार्यक्रमाच्या पासांची यादी हातात घेऊन उभी होते. मी म्हटलं, “सिस्टर, आजच्या दिवस माझ्यावर कृपा करा.” माझ्या दालनाला लागून अभ्यागतांसाठी एक लहान खोली होती, तिथं त्या जाऊन बसल्या. मुळे दाराबाहेर बाकावर बसली.

चहा पाठवला तर त्यांनी घेतला नाही. पिशवीतून एक वही काढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून काहीतरी लिहिलं. मला ती वही दिसली तशी चीडच आली. मी दिवसभर आत-बाहेर करत होते आणि दर खेपेला त्या खोलीच्या उघड्या दारातून त्यांचा एक प्रश्न यायचा. गावात आज जमावबंदी आहे का? नाही. मग एकट्या बाईनं उभं राहायला कुणाची परवानगी लागते? मी म्हणायची, नंतर बोलू. माझ्या मुलीला फोन करू का, ती घाबरली असेल. करा, करा. त्यांनी माझ्याच टेबलावरून फोन केला आणि मुलीला सांगितलं, “तहसीलमध्ये आहे. का आहे ते यांनाही माहीत नाही. जेवून घे.”

‘यांनाही माहीत नाही’ हे त्यांनी माझ्यासमोर, माझ्याच फोनवर म्हटलं. मी जनरेटरच्या माणसावर ओरडले.

हेलिकॉप्टर दीड वाजता उतरलं. नव्या प्रशासकीय इमारतीचं भूमिपूजन, दोन भाषणं, चहापान. मंत्र्यांनी भाषणात आरोग्यसेवेबद्दलही सांगितलं. रुग्णालयाकडं ते गेले नाहीत, वेळ नव्हता. सव्वातीनला हेलिकॉप्टर उडालं. मैदान इतकं नीट भिजलं होतं की धुळीचा कण उडाला नाही, आणि जिल्हाधिकारी साहेबांनी जाताना मला ‘व्यवस्थित झालं’ असं म्हटलं. चार महिन्यांत कुणी मला व्यवस्थित म्हटलेलं नव्हतं.

मी परत आले ती हसतच. सिस्टरांच्या खोलीत डोकावून म्हटलं, “झालं, सिस्टर. जा आता घरी. हवं तर जीप देते.”

त्यांनी वही मिटली. “मला लिहून द्या.”

“काय?”

“मला सकाळी आठ ते आत्तापर्यंत इथं ठेवलं होतं, असं. कुणाच्या सांगण्यावरून ठेवलं, कोणत्या हुकमानं ठेवलं, ते.”

मी त्यांना समजावलं की असं काही लिहून देत नसतात. त्यांनी विचारलं, का देत नसतात? मी म्हटलं, अहो, कारण हुकूम नव्हताच. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा. मी म्हटलं, तुम्ही आता मोकळ्या आहात. त्या म्हणाल्या, ते कळलं. आधी नव्हते ते लिहून द्या.

आणि त्या बसून राहिल्या.

इतका वेळ ज्यांना धरून ठेवायचं होतं, त्या आता जाईनात. साडेचार वाजले. अव्वल कारकून पांचाळांना बोलावलं. पस्तीस वर्षांची नोकरी झालेला माणूस, त्यांना सगळे नमुने तोंडपाठ. ते म्हणाले, उत्पन्नाचा दाखला आहे, रहिवासाचा आहे, हयातीचा आहे. बसवून ठेवल्याचा दाखला नाही. घुग्यांना फोन केला. ते बंदोबस्त संपवून जेवायला बसले होते. म्हणाले, उचलून जीपमध्ये घाला. मी मुळेकडं पाहिलं. मुळे म्हणाली, “मॅडम, माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातची आहेत,” आणि जागची हलली नाही.

साडेपाचला कचेरीतली माणसं जायला लागली. जाताना प्रत्येक जण त्या खोलीत डोकावत होता, सिस्टरांना नमस्कार करत होता, आणि मग माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता, जणू मी काहीतरी चोरलंय. मी सिस्टरांसमोर खुर्ची ओढून बसले. माझं डोकं ठणकत होतं. मी म्हटलं, सिस्टर, मी तुमच्यासाठी काय केलं ते तुम्हाला कळत नाही. घुगे साहेबांनी केस केली असती. बंधपत्र, जामीनदार, तारखा, सहा महिने खेटे. तुमचं नाव पोलिसांच्या वहीत लागलं असतं. मी ते काही होऊ दिलं नाही. तुमची काळजी घेतली, आणि तुम्ही मलाच धारेवर धरताय.

त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. आवाज अगदी साधा होता, औषध कसं घ्यायचं ते सांगतात तसा.

“केस केली असती तर कलम असतं. कलम असतं तर वकील लावला असता. तुम्ही आदेश काढला असता तर तो चूक आहे म्हणून मी वर गेले असते. आता मी कुणाकडं जाऊ, आणि काय दाखवू? मला ठेवलंच नव्हतं म्हणतील. तुम्ही माझ्या हातात काहीच राहू दिलं नाही, मॅडम. यापेक्षा केस बरी होती.”

पण कुणी समजू नये की माझे डोळे उघडले. मला घरी जायचं होतं. सकाळपासून पोटात दोन बिस्किटं होती, पाय सुजले होते, आणि ही बाई माझ्यासमोर अशी बसली होती की तिला आणखी दोन दिवस बसायला हरकत नाही. मी वैतागून कार्यालयाचा छापील कागद ओढला आणि हातानं लिहिलं:

‘श्रीमती यमुना सोनकांबळे, सेवानिवृत्त परिचारिका, यांना आज रोजी सकाळी आठ वाजता पोलिसांनी त्यांच्या घरून आणले व पावणेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत तहसील कार्यालयात बसवून ठेवले. याबाबत कोणताही लेखी आदेश नव्हता.’

खाली सही केली. तालुका दंडाधिकारी म्हणून शिक्का मारला आणि त्यांच्यापुढं टाकला. घ्या.

त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “जावक क्रमांक?”

पांचाळ माझ्याकडं बघायला लागले. जावक रजिस्टरला नोंद झाली म्हणजे कागद सरकारी झाला. मग तो मी दिलाच नाही, हातात कुणी कोंबला, घरच्या घरी कुणी केला, असं काही म्हणता येत नाही. पांचाळांनी हळूच सांगितलं, मॅडम, उद्या टाकू नोंद. त्या ‘उद्या’चा अर्थ मला कळला, सिस्टरांनाही कळला. त्या पुन्हा खुर्चीत टेकल्या.

“टाका हो आत्ताच,” मी म्हटलं.

पांचाळांनी रजिस्टर उघडलं. १४१७. आकडा लिहिताना ते एवढा वेळ लावत होते की मीच रजिस्टर ओढून घेतलं आणि नोंद पुरी केली. पावणेसातला सिस्टर जिना उतरून गेल्या. जीप नको म्हणाल्या.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. आठ दिवसांनी मी ते विसरलेही.

चौथ्या महिन्यात आयोगाची नोटीस आली. सिस्टरांनी मानवी हक्क आयोगाकडं तक्रार केली होती: बेकायदा ताब्यात ठेवलं, आपलं म्हणणं मांडू दिलं नाही. घुग्यांनी शपथपत्र दिलं की त्या दिवशी श्रीमती सोनकांबळे दिवसभर स्वतःच्या घरी होत्या. मग आयोगाकडून माझ्या कागदाची प्रत त्यांना गेली. तेव्हा त्यांनी दुसरं शपथपत्र दिलं: श्रीमती सोनकांबळे स्वतःच्या कामासाठी तहसीलला आल्या होत्या आणि स्वखुशीनं बसल्या होत्या.

मला जिल्ह्याला बोलावलं. कुणी बोलावलं ते सांगत नाही, तो माणूस आता नाही. त्यांनी आधी मला अर्धा तास झापलं. मागितला म्हणून कागद द्यायचा? उद्या कुणी कचेरीच्या चाव्या मागेल. मी उभी होते. मग स्वर मऊ करून म्हणाले, तुम्ही एवढंच सांगा की त्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आल्या होत्या, गर्दीमुळं वेळ लागला, शेवटी चिडून कागद लिहून मागितला, आणि तुम्ही दमलेल्या असल्यामुळं तो नीट शब्दांत लिहिला गेला नाही. दमलेल्या होतातच ना? होते. झालं तर मग.

त्यांनी खुलासा टाइप करूनच ठेवला होता. मी म्हटलं, वाचून उद्या देते. परतीच्या एसटीत तो चार वेळा वाचला. त्यात खोटं असं एकच वाक्य होतं, बाकी सगळं खरं होतं. मी दमले होते, गर्दी होती, त्या चिडल्या होत्या. सिस्टरांचा मला भयंकर राग आला. एवढं शिकलेल्या, एवढं वय झालेलं, एक दिवस गेला तर गेला म्हणून सोडून का देत नाहीत? तो खुलासा मी दिला नाही. पण मी तो फाडलाही नाही. सुनावणीच्या दिवशीही तो माझ्या पर्समध्ये होता.

मधल्या काळात माझी बदली झाली. प्रसूतीची खोलीही उघडली, कुठल्याही कार्यक्रमाशिवाय. एका पावसाळी सकाळी नव्या डॉक्टरनं कुलूप काढायला लावलं, एवढंच कळलं.

सुनावणीच्या खोलीत माणसं फार नव्हती. सिस्टर मागच्या रांगेत मुलीबरोबर बसल्या होत्या. मला कागद दाखवला. ही सही तुमची? हो. जावक नोंद तुमच्या हातची? हो. मग पोलिसांचे वकील उठले. तरुण होते, बोलायला सौम्य. त्यांनी एकेक विचारलं. खोलीचं दार उघडं होतं ना? होतं. चहा विचारला होता? हो. मुलीला फोन करू दिला? हो. कुलूप, बेडी, दमदाटी? नाही. बाहेरची शिपाई दिवसभर बाकावरच होती, की मध्ये उठून गेली होती? मी म्हटलं, जेवायच्या सुमारास पाणी प्यायला गेली होती. म्हणजे त्या वेळी दारात कुणीही नव्हतं? नव्हतं. मग त्या उठून गेल्या असत्या तर त्यांना कोण अडवणार होतं?

त्यांना या प्रश्नाचं उत्तर नकोच होतं. ते आयोगाच्या सदस्यांकडं वळून पुढं बोलायला लागलेही होते. मला फक्त गप्प राहायचं होतं. माझा कागद तसाच राहिला असता, मी खोटं बोलले नसते, घुगे सुटले असते आणि मीही.

इथपर्यंत एक गोष्ट मी तुम्हालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी एकच्या आधी, मुळे पाणी प्यायला गेली असताना, सिस्टर माझ्या दालनाच्या दारात आल्या होत्या. पिशवी खांद्याला लावलेली, चपला घातलेल्या. मी एकटीच होते, पासांच्या यादीवर खुणा करत होते.

“मी जाते, मॅडम,” त्या म्हणाल्या होत्या. “जाऊ ना?”

मी मान वरसुद्धा केली नव्हती. “नाही,” म्हटलं होतं. “बसा.”

आणि त्या परत जाऊन बसल्या होत्या. त्या दिवशी मी दिलेला हुकूम तेवढाच. घुगे सांगून गेले, मुळे बाकावर बसली, हे सगळं खरं. पण तालुका दंडाधिकारी मी होते, त्यांनी विचारलं होतं मला, आणि नाही मी म्हटलं होतं. ते माझ्या कागदात नव्हतं. त्यांच्या तक्रारीतही नव्हतं. ती तक्रार मी दहा वेळा वाचली होती, त्या ओळीच्या भीतीनं.

“मी अडवलं,” मी म्हणाले.

वकील थांबले. सदस्यांनी पुन्हा सांगायला सांगितलं. मी सगळं सांगितलं: किती वाजता, त्या कुठं उभ्या होत्या, काय म्हणाल्या, मी काय म्हटलं. लिहून घेणारा कारकून ‘मान वर न करता’ हे लिहू का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, लिहा.

निकाल नंतर आला. ताब्यात ठेवणं बेकायदा ठरलं. घुग्यांवर ताशेरे आले, माझ्यावर त्याहून कडक आले, आणि ते माझ्या सेवापुस्तकात नोंदले गेले. माझी बढती तीन वर्षं मागं पडली. त्याबद्दल मी कुणाला दोष दिला नाही, पण हसत सोसलं असंही नाही.

सुनावणीच्या दिवशी बाहेर आले तर सिस्टर जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मुलगी रिक्षा बघायला गेली होती. मी त्यांच्यापाशी गेले. त्या काहीतरी बरं बोलतील असं मला वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. त्या रिक्षाच्या वाटेकडं बघत होत्या. शेवटी मीच विचारलं, तुम्ही तक्रारीत ते का लिहिलं नाही? मला एका ओळीत अडकवता आलं असतं.

“मी लिहिलं असतं तर ते माझं म्हणणं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “मी म्हणते हो, तुम्ही म्हणता नाही. साक्षीला होतं कोण?”

“आणि त्या वेळी नुसतं उठून का गेला नाहीत? दारात कुणी नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वॉर्डातल्या नव्या पोरींकडं बघत असतील तसं.

“मला पळून जायचं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “घरी जायचं होतं.”

रिक्षा आली. मुलीनं त्यांना हात दिला, त्यांनी तो घेतला नाही, दांडीला धरून एकट्याच चढल्या. मी तिथंच उभी राहिले. एवढं सगळं सांगून टाकल्यावर मोकळं वाटायला हवं होतं. पण मला त्यांचा रागच आला होता, आणि ती रिक्षा वळेपर्यंत मला तो आवरता आला नाही.